प्रश्न तेवढा ठेव

टिळकवाडीतल्या रक्तपेढीत, रात्री पावणेतीनला
मी एकच शब्द टाइप करतो: रात्रपाळी.
एंटर.
आणि नावं येतात.

शब्द माझा नाही. नीलव्वा हुक्केरीचा.
तिच्याआधी एक लांबडी वही होती
आणि बोटांवर दिवस मोजणारा मी, मोनाप्पा पाऊसकर.
ओ निगेटिव्ह कोण कोण, शेवटचं कधी दिलं,
पुरुषाला नव्वद दिवस, बाईला एकशेवीस,
मध्येच फेब्रुवारी आला की माझी मोजणी घसरायची,
आणि फोनवर कुणीतरी झोपेतनं म्हणायचं,
गेल्या महिन्यातच दिलंय की हो, विसरलासा?

नीलव्वानं ते सगळं एका बैठकीत लिहिलं.
तिचा चहा निवला, तोही मीच प्यालो.
सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर,
आणि गावाच्या रकान्यापाशी ती अडली.
कारण आमच्या रजिस्टरात हे शहर
बेळगाव होतं, बेळगांव होतं, बेलगाम होतं,
नंतर नंतर बेळगावी,
आणि कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फादरनी
फॉर्मवर नुसतंच लिहिलेलं: इथलाच.
मी म्हटलं, एक कायतरी पक्कं कर बाई.
ती म्हणाली, कुणाचं खोडू?
आणि दोन नावांच्या मधे एकेक 'ऑर' घालत गेली.
ज्याच्यापायी चौकातल्या पाट्यांना डांबर लागतं
ते पाचही जण
तिच्या एका कंसात मांडीला मांडी लावून बसले.

मी विचारलं, आता ही नावं आत साठली काय गे?
हसली.
"नावं कशाला साठवालास? नावं शिळी होतात.
काल दिलेला आज चालत नाही.
प्रश्न तेवढा ठेव.
उत्तर तो दर वेळी जाऊन नवीन आणतोय."

मग ती गोकाकला गेली, तालुक्याच्या दवाखान्यात.
पाच वर्षं मी तिचा प्रश्न विचारत राहिलो
तो कसा विचारलाय हे न बघता.
चालत्या पंपाचं झाकण कोण काढतं?
नावं यायची: हलगेकर, मुचंडी, शहापूरचा तो विणकर,
डिसोजांचा थोरला, मग धाकटा,
कधी सात, कधी दोन.

काल शून्य.

खानापूरहून गाडी निघालेली होती.
आत गुंजीकरांची सून, आणि तिचं बाळ अजून तिच्या आतच.
पुन्हा एंटर. शून्य.
चुकलं की यंत्र लाल अक्षरं दाखवतं.
लाल काही नव्हतं.
उत्तर बरोबर होतं.

तेव्हा पहिल्यांदा मी क्वेरी उघडली.
कंस, तारखा, नव्वद, एकशेवीस, ते पाच शेजारी,
आणि अगदी तळाला दोन डॅश टाकून
यंत्र जी कधीच वाचत नाही अशी एक ओळ,
इंग्रजी अक्षरांत, तिच्या कन्नडमध्ये:
सोन्ने बंद्र ननग फोन माड.
शून्य आलं तर मला फोन कर.

दुसऱ्या रिंगला उचलला.
कसा आहेस नाही, काय झालं नाही.
"गावांच्या यादीत गोकाक घाल की."
घातलं. ऑर गोकाक. एंटर.
एक ओळ आली:
हुक्केरी नीलव्वा, ओ निगेटिव्ह, दिवस एकशे एकतीस.
फोनमध्ये जीप सुरू झाल्याचा आवाज.
कुणाची ते मी विचारलं नाही.

ती घटप्रभेच्या पुलावर असेल नसेल
तेव्हा खिडकी बंद करताना यंत्रानं विचारलं,
या नावाची क्वेरी आधीच आहे,
तिच्यावरच सेव्ह करायची?
थांब म्हटलं.
तिच्या ओळीखाली आणखी दोन डॅश टाकले
आणि मराठीत लिहिलं:
ती नाही उचलली तर मला. मोनाप्पा.
खाली नंबर.
मग हो म्हटलं.